बेस गिटारची खुंटी निवडताना

तंबोरा लावताना सगळी भिस्त लाकडाच्या घर्षणावर असते. निमुळती खुंटी भोकात दाबून बसवायची आणि उरलेला बारीक फरक मण्याने काढायचा. बेस गिटारला हा उपाय पुरत नाही, कारण तिची एकेक जाड तार सुमारे १८ किलो वजनाइतक्या ताणाने ओढत असते आणि चार तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास जातो. म्हणून तिच्या खुंटीत दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारा मळसूत्री दांडा, म्हणजे वर्म गिअर, असतो.

या जोडीचा मोठा गुण असा की ती एकाच दिशेने चालते. चावी, म्हणजे खुंटीचा बोटांनी फिरवायचा कान, फिरवली की चक्र फिरते, पण तारेने चक्र कितीही ओढले तरी चावी उलटी फिरत नाही, कारण मळसूत्राच्या आट्यांचा चढ इतका कमी असतो की तिथले घर्षणच चक्राला अडवून धरते. त्यामुळे ‘खुंटी घसरते, म्हणून स्वर उतरतो’ हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. मी स्वतः एकदा याच समजुतीने चारही खुंट्या बदलल्या आणि तरीही ‘जी’ची तार दर गाण्यानंतर उतरतच राहिली. दोष नटच्या, म्हणजे डोक्याजवळ तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, अरुंद खाचेत होता. चावी फिरवताना तार तिथे अडकायची, मग ‘टिक’ असा आवाज करून एकदम सुटायची. खाच किंचित रुंद करून तिच्यात पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली आणि प्रश्न मिटला. खुंटीवर तारेचे दोन-तीन वेढे एकाखाली एक नीट बसले नसतील, तरीही तोच त्रास होतो.

गिअर रेशोला मात्र खरे महत्त्व आहे. बेसच्या पुष्कळ खुंट्यांचा रेशो २०:१ असतो, म्हणजे चावीच्या वीस फेऱ्यांत तारेच्या खांबाची एक फेरी होते. खांबाचा व्यास १२.७ मिलिमीटर धरला तर परीघ जवळजवळ ४० मिलिमीटर भरतो, म्हणजे चावीच्या एका फेरीत २ मिलिमीटर तार गुंडाळली जाते. रेशो २७:१ असेल तर दीड मिलिमीटर. हा अर्धा मिलिमीटर क्षुल्लक वाटतो खरा, पण बेसचा सर्वांत खालचा ‘ई’ ४१.२ हर्ट्झचा आणि त्याच्या वरचा अर्धस्वर ४३.७ हर्ट्झचा, म्हणजे दोहोंत अवघे अडीच हर्ट्झ अंतर आहे, तर साध्या गिटारच्या सर्वांत बारीक तारेवर तेवढ्याच अर्धस्वराचे अंतर सुमारे २० हर्ट्झ भरते. कीबोर्डशी ०.१ हर्ट्झचा फरक राहिला तर मूळ स्वरातले आंदोलन, म्हणजे आवाजाचा चढउतार, दहा सेकंदांनी एकदा येते आणि कानाला ते जाणवतही नाही. चौथ्या उपस्वरात, म्हणजे मूळ स्वराच्या चौपट कंपनसंख्येच्या स्वरात, मात्र तेच अडीच सेकंदांनी येते. म्हणूनच अनुभवी वादक तारेला पाचव्या-सातव्या पडद्यावर हलका स्पर्श करून उपस्वरांवर स्वर जुळवतात. गिअरच्या दातांत थोडी मोकळीक राहतेच, म्हणून स्वर नेहमी खालून वर चढवत आणावा. वर गेला तर बराच उतरवून पुन्हा चढवावा.

आता वजन. पट्ट्याचे पुढचे बटण बहुतेक वाद्यांत बाराव्या पडद्याच्या जवळ येते आणि खुंट्या तिथून सुमारे ५३ सेंटिमीटर दूर असतात. प्रत्येक खुंटी ४० ग्रॅमने हलकी घेतली, तर डोक्याकडचे १६० ग्रॅम कमी होतात. तोच परिणाम साधण्यासाठी बटणाच्या दुसऱ्या बाजूला ४३ सेंटिमीटरवरच्या ब्रिजपाशी, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या घोडीपाशी, जवळपास २०० ग्रॅमची भर घालावी लागेल. ज्यांच्या बेसची मान सतत खाली झुकते आणि डावा हात तिला सावरण्यातच थकतो, त्यांनी हलक्या खुंट्यांवर पैसे जरूर खर्च करावेत.

माप मात्र सर्वांत आधी. मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात जाण्यापूर्वी जुनी खुंटी काढून भोकाचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. काही बेसमध्ये तो १४ मिलिमीटरच्या आसपास असतो, तर जुन्या घडणीच्या वाद्यांत साडेसतरापर्यंत जातो. भोक मोठे असेल तर योग्य मापाची बुशिंग, म्हणजे भोकात बसणारी कडी, बसवता येते. लहान असेल तर रीमरने, म्हणजे भोक रुंद करायच्या हत्याराने, मोठे करावे लागते आणि ते काम कारागिराकडूनच करून घ्यावे. हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या बसतात त्या डोक्याची, जाडी, स्क्रूची जागा आणि खुंट्या एका बाजूला आहेत की दोन्ही बाजूंना, हेही लिहून न्यावे, कारण डाव्या बाजूची खुंटी उजवीकडे बसवली तर चावी उलटी फिरते.

मुंबईपुरता आणखी एक विचार करावा लागतो. उघड्या गिअरची खुंटी दिसायला देखणी आणि साफ करायला सोपी असते, पण खाऱ्या हवेत पितळेवर हिरवट थर चढतो आणि पावसाळ्यानंतर चावी जड फिरू लागते. गणपतीच्या तालमींसाठी महिनोन्‌महिने कव्हरमध्ये पडलेला बेस काढला की हे हमखास दिसते. झाकलेल्या गिअरला हा त्रास कमी होतो, मात्र तो बिघडला तर बहुधा अख्खी खुंटीच बदलावी लागते. समुद्राजवळ राहणाऱ्याने झाकलेला गिअर घ्यावा, असे माझे मत आहे. उघडाच आवडत असेल तर जूनच्या आधी आणि सप्टेंबरनंतर जुन्या दातब्रशने दात साफ करून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि ओघळलेले तेल लाकडात मुरण्याआधी पुसून घ्यावे.