एनएसजी उंदरांवरचा प्रयोग १६ आठवड्यांचा का धरावा?

एनएसजी म्हणजे प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेले, त्यामुळे मानवी पेशी न नाकारणारे उंदीर. आमच्याकडे त्यांच्यात मानवी रक्ताच्या स्टेम सेलचे (सगळ्या रक्तपेशी ज्यांपासून बनतात त्या मूळ पेशींचे) प्रत्यारोपण करून घेणारे संशोधक हमखास विचारतात, सहाव्या आठवड्यात रिपोर्ट मिळेल का? मिळेल. पण त्यावरून स्टेम सेल रुजल्या असे लिहू नका.

नाळेच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या सीडी३४ पेशींत (पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असलेल्या पेशींत) खऱ्या स्टेम सेल फारच थोड्या, बाकीच्या त्यांच्यापासून तयार झालेल्या, थोडाच काळ टिकणाऱ्या प्रोजेनिटर. पहिल्या काही आठवड्यांत उंदरात ज्या मानवी पेशी दिसतात, त्या मुख्यतः या प्रोजेनिटरच्या. त्या पुढे संपतात. १६ आठवड्यांनंतरही मांडीच्या हाडातल्या मज्जेत मानवी सीडी४५ पेशी (पांढऱ्या पेशींची खूण असलेल्या) टिकल्या, आणि त्यांत बी-पेशी व मायलॉइड पेशी (पांढऱ्या पेशींचे दोन वेगळे गट) दोन्ही सापडल्या, तर दावा उभा राहतो. तीच मज्जा दुसऱ्या उंदरात घालून पुन्हा रुजली तर पुरावा आणखी भक्कम. नुसत्या शेपटीच्या रक्तावरून हे ठरत नाही.

इतके थांबता येते ते या उंदरामुळेच. टी आणि बी पेशी नसलेल्या जुन्या नॉड-स्किड उंदरांना थायमस ग्रंथीचा लिम्फोमा (एक कर्करोग) व्हायचा, प्रयोग अर्धवट राहायचे. २००२ मध्ये जपानमधून एनओजी हे तसेच उंदीर आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या जॅक्सन लॅबोरेटरीतून एनएसजी आले. प्रतिकारपेशींच्या वाढीला लागणारी आयएल-२ रिसेप्टरची गॅमा साखळीच निकामी असल्याने त्यांच्यात एनके पेशीही (परक्या पेशी मारणाऱ्या) नसतात, आणि ते वर्षाहून अधिक जगतात. आम्ही पिंजऱ्यांचे १६ आठवड्यांचे शुल्क आधीच घेतो, ते उगाच नाही.

वेळ खरा वाया जातो तो अर्जात. प्राणी नैतिकता समितीकडे सहाच आठवडे मागितले, तर पुढे सुधारित मंजुरी येईपर्यंत उंदीर ठेवताही येत नाहीत, आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. मानवी पेशींसाठीची संस्थेची मंजुरीही सोबतच घ्या.

नमुन्यातल्या सीडी३ टी-पेशी नीट काढून पाठवा. राहिल्या तर जीव्हीएचडी होऊन, म्हणजे त्या टी-पेशींनी उंदराच्याच शरीरावर हल्ला केल्याने, उंदीर मुदतीआधीच दगावतात. मज्जेत जागा करण्यासाठी प्रत्यारोपणाआधी द्यायच्या किरणांचा डोस आमच्यावर सोपवा. नॉड-स्किडकडून आलेल्या स्किड या जनुकीय दोषामुळे या उंदरांना डीएनएची दुरुस्ती जमत नाही, साध्या उंदराचा डोस त्यांना मारून टाकतो. किरण टाळायचे असतील तर ‘किट’ नावाच्या जनुकात बदल असलेले एनबीएसजीडब्ल्यू उंदीर मागवून देतो.

अर्ज सादर करण्याआधी मसुदा आमच्याकडे पाठवा. कालावधी, उंदरांची संख्या आणि तपासण्या पाहून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.