प्रकाशालाही उशीर होतो

लहान मुलांना प्रकाशाचा वेग सांगायचा म्हटलं की आपण हमखास पावसाळी विजेकडे बोट दाखवतो. आधी लखलखाट, मग गडगडाट. उदाहरण चुकीचं नाही, पण सहा-सात वर्षांचं मूल त्यातून भलताच अर्थ काढतं: आवाजाला वेळ लागतो, प्रकाशाला लागतच नाही! हसू नका, सतराव्या शतकात देकार्तसारख्या विचारवंतालाही असंच वाटत होतं.

म्हणून ‘सेकंदाला तीन लाख किलोमीटर’ हा आकडा मी तरी सगळ्यात शेवटी सांगेन. त्या वयात लाख काय नि कोटी काय, दोन्हींचा अर्थ ‘खूप’. आधी पटायला हवं ते एवढंच, की प्रकाशालाही पोचायला वेळ लागतो.

गॅलिलिओने १६३८च्या पुस्तकात यासाठी एक प्रयोग सांगितला आहे. दोघांनी झाकलेले कंदील घेऊन लांब उभं राहायचं, एकाने झाकण काढलं की ते बघून दुसऱ्याने काढायचं. रात्री गच्चीवर दोन टॉर्च घेऊन मुलांशी हे जरूर खेळा. उशीर होईल, पण तो बोटांचा. दोघांत मैलभर अंतर ठेवलं तरी प्रकाश सेकंदाच्या साधारण एक लाखाव्या भागात जाऊन परत येतो. तो कोणाच्या हाती लागणार?

चंद्रापर्यंत गेलं की मात्र लागतो. १९६९ साली अपोलो-११च्या अंतराळवीरांनी तिथे एक परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून त्याच्यावर सोडलेला लेसर जाऊन परत यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. मुलाच्या हातात स्टॉपवॉच द्या, ‘गेला!’ म्हणा आणि अडीच सेकंदांनी त्याला ‘आला!’ ओरडायला सांगा. मधली ती शांतता मुलांना बरोबर कळते.

प्रकाशाचा उशीर पहिल्यांदा पकडला तो पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने. गुरूचा आयो हा चंद्र साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि दर फेरीत गुरूच्या सावलीत जाऊन बाहेर येतो. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की हे बाहेर येणं हिशेबापेक्षा उशिरा दिसे. एसटी डेपोतून वेळेवरच सुटते, पण लांबच्या थांब्यावर उशिरा पोचते, तसंच हे. ९ नोव्हेंबर १६७६ला आयो दहा मिनिटं उशिरा दिसेल, असं रोमरने आधीच सांगितलं आणि झालंही तसंच. त्याचा अंदाज अचूक नव्हता, पण मुद्दा पक्का होता.

आता घरच्या घरी वेग मोजू. मायक्रोवेव्हमधली फिरती तबकडी काढा. खालचा फिरणारा भाग झाकेल अशी काचेची वाटी पालथी घाला, तिच्यावर काचेची ताटली आणि ताटलीत उडदाचे कच्चे पापड पसरा. मोठ्या माणसाने समोर उभं राहून वीसेक सेकंद चालवा आणि पापड फुलू लागले की थांबा. पापड सगळीकडे सारखे फुलत नाहीत, मधूनमधून पांढरे चट्टे उठतात, बाकीचा भाग कच्चाच राहतो. चट्टे जरा वेडेवाकडे येतात, तेव्हा दोन-तीनदा करून बघा. शेजारच्या दोन चट्ट्यांच्या मध्यांत पट्टीने साधारण ६ सेंटीमीटर भरतात. पापड भाजतात ते ओव्हनमधल्या लहरींनी आणि हे अंतर म्हणजे अर्ध्या लहरीची लांबी, म्हणजे अख्खी लहर १२ सेंटीमीटरची. ओव्हनच्या मागे २४५० मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी लहरी. एका लहरीची लांबी गुणिले सेकंदाच्या लहरी म्हणजे वेग. गुणाकार मोठ्यांनी करावा: २९ कोटी ४० लाख मीटर, म्हणजे सेकंदाला २,९४,००० किलोमीटर. खरा आकडा २,९९,७९२. पापडाच्या मानाने फारच छान!

एखादं चौकस पोर विचारेलच, ‘पण यात प्रकाश कुठे होता?’ ओव्हनमधला दिवा दाखवून सुटू नका. पापड भाजणाऱ्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या आणि उजेड एकाच जातीचे, दोन्ही विद्युतचुंबकीय लहरी. रेडिओच्या आणि मोबाइलच्या लहरीही त्यातल्याच. पोकळीत या सगळ्यांचा वेग एकच असतो आणि हवेत त्यात नगण्य फरक पडतो.