रोड सायकलचा टायरदाब : थंडी व पावसातील फेरबदल

ओल्या किंवा थंड रस्त्यावर रोड सायकल चालवताना टायरमधील हवा कोरड्या दिवसापेक्षा थोडी कमी ठेवण्याची पद्धत. ही कपात साधारणपणे ५ ते १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) असते. नेमका आकडा स्वाराचे वजन, टायरची रुंदी, रिमची आतली रुंदी आणि रस्ता किती खडबडीत आहे यांवर ठरतो. पुढच्या चाकावर भार कमी येत असल्याने त्यात मागच्यापेक्षा थोडी कमी हवा भरतात. टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. तरीही पंपाचा काटा तिथवर नेल्याशिवाय समाधान न होणारे सायकलस्वार पुष्कळ आहेत.

हवा कमी केली की टायर पाणी चांगले बाजूला सारतो, हा समज चुकीचा आहे. पाण्याच्या थरावर चढून घसरणे हा मोटारीच्या रुंद, कमी दाबाच्या टायरचा प्रश्न. विमानाच्या टायरवरील नासाच्या अभ्यासातून आलेले सूत्र लावले, तर ८० पीएसआयच्या टायरला त्यासाठी ताशी सुमारे १५० किमी वेग लागेल, आणि दाब घटवला तर ही मर्यादा उलट खाली येते. म्हणून रोड टायरवरील नक्षीचाही पावसात फारसा उपयोग नाही. फायदा होतो तो वेगळ्याच कारणाने. मऊ टायर डांबरातल्या उंचसखल खडीवर नीट बसतो, उसळत नाही. वळताना किंवा ब्रेक दाबताना त्याची पकड मध्येच सुटत नाही. पाण्याने घर्षण घटलेले आणि गारठ्याने रबर कडक झालेले असताना हे विशेष जाणवते. रस्त्यावरचे रंगीत पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, ट्रामचे रूळ यांवर मात्र हवेच्या हिशेबाने काही साधत नाही. तेथे सायकल न झुकवता सरळ न्यावी.

थंडी स्वतःच दाब उतरवते, आणि बहुतेकांची गल्लत येथे होते. आकारमान तेच राहिले तर वायूचा निरपेक्ष दाब (वातावरणाचा दाब धरून) निरपेक्ष तापमानाच्या (केल्विनमधील) प्रमाणात बदलतो. २०° से.च्या खोलीत ७५ पीएसआय भरलेला टायर ०° से.च्या रस्त्यावर थोड्या वेळात ६९च्या आसपास येतो, म्हणजे हवी ती कपात आपोआप झालेली असते. घरातच सहा-सात पीएसआय कमी भरून निघणारा स्वार नकळत दुप्पट कपात करतो. मग खड्ड्याच्या कडेवर टायर आपटला की ट्यूब रिममध्ये चेमटते आणि तिला दोन चिरा पडतात. शक्यतो बाहेरच्या तापमानात, नेहमीच्या एकाच गेजने मोजावे. दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात.

पावसात पंक्चरही वाढतात. रस्त्याकडेची बारीक काच आणि गारगोटीचे कण पाण्यासोबत वाहून मध्ये येतात, शिवाय ओले रबर लवकर कापले जाते. कमी हवेचा टायर अशा कणावरून जाताना थोडा दबतो, त्यामुळे कापले जाण्याचा धोका काहीसा घटतो. ट्यूबलेस टायरमध्ये चेमटण्यासाठी ट्यूबच नसल्याने दाब आणखी उतरवता येतो. हुक नसलेल्या, म्हणजे टायर अडकवणारी आत वळलेली कड नसलेल्या रिमवर तर ५ बार (सुमारे ७२ पीएसआय) ही कमाल मर्यादाच आहे.

उत्तर फ्रान्समधील पॅरिस-रूबे ही सायकल शर्यत या तडजोडीची मोठी परीक्षा. सुमारे २५८ किमीच्या पुरुषांच्या शर्यतीत ५५ किमीच्या आसपास दगडी फरसबंदी असते. फरसबंदीसाठी हवा कमी हवी, उरलेल्या डांबरावर थोडी जास्त चालते. ऑक्टोबर २०२१ मधील शर्यत २००२ नंतरची पहिलीच ओली होती. चिखलातल्या त्या शर्यतीत सोनी कोल्ब्रेली जिंकला. अलीकडे धावत्या सायकलीवरच हवा कमी-जास्त करणाऱ्या हबही (चाकाचे मधले तुंबे) काही संघांनी वापरल्या आहेत.

महाराष्ट्रात ओल आणि थंडी सहसा एकत्र येत नाहीत. पुण्यात डिसेंबरात दुपारी ३०° से.ला भरलेली हवा पहाटे १०° से.ला सुमारे सहा पीएसआयने उतरते, पण रस्ता कोरडा असतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटांत उलट स्थिती: पारा फारसा हलत नाही, म्हणून कपात हातानेच करावी लागते. मात्र पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली वरून कळत नाही. त्यामुळे ट्यूब वापरणाऱ्यांनी, विशेषतः मागच्या चाकात, चार-पाच पीएसआयहून अधिक हवा सोडू नये.