चिठ्ठीवर ‘मर्मर’ लिहिलंय? इकोला येण्याआधी एवढं वाचा

सदाशिव पेठेतलं आमचं हे छोटं टू डी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं केंद्र. काउंटरवर रोज दोन-तीन तरी जण असे येतात, की ज्यांच्या हातात फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी असते, चिठ्ठीवर ‘मर्मर’ हा एकच शब्द असतो आणि त्या शब्दापायी आदल्या रात्री झोप लागलेली नसते. ‘म्हणजे व्हॉल्व्ह गेला का हो?’ हा पहिला प्रश्न. ‘बायपास करावी लागेल का?’ हा दुसरा. गर्दीच्या वेळी प्रत्येकाला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

हृदयाला चार झडपा, म्हणजेच व्हॉल्व्ह. त्या मिटताना जो ठोका उमटतो तोच आपला लब-डब. कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटल्या की ‘लब’, बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या नळांच्या तोंडाशी असलेल्या दोन मिटल्या की ‘डब’. दिवसाला साधारण एक लाख वेळा हे चालतं. झडप उघडताना मात्र निरोगी हृदयात आवाज येत नाही आणि रक्त वाहतं तेही गुपचूप. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ऐकतात ती खरं तर ही शांतता: दोन ठोक्यांच्या मधे काही ऐकू येतंय का? (स्टेथोस्कोप जन्माला आला तो संकोचातून. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण रुग्ण बाईंच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून ऐकलं.)

मग हा मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला जादा आवाज, कुठून येतो? भिडे पूल डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात मुठेचं पाणी त्याखालून सरकतं, पण कानाला काही लागत नाही. आता समजा, पुलाच्या मोऱ्यांत ओंडका अडकला. पाणी तेवढंच, वाट अरुंद, त्यामुळे खळखळ सुरू. किंवा ओंडका वगैरे काही नाही, खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय. पूल धडधाकट, पण पाणी जास्त, म्हणून पुन्हा खळखळच. हृदयातही हेच होतं. झडप अरुंद झाली, नीट न मिटल्यामुळे रक्त मागे गळायला लागलं किंवा मधल्या पडद्याला छिद्र असलं, की आवाज येतो. आणि झडपा ठणठणीत असूनही ताप, रक्ताची कमतरता, थायरॉईड वाढणं किंवा गरोदरपण यामुळे रक्त जोरात धावत असेल, तरी आवाज येतो. ओंडका की विसर्ग, एवढं ठरवायलाच अनेकदा तुम्हाला आमच्याकडे पाठवलेलं असतं.

चिठ्ठीवर 2/6 असं लिहिलं असेल, तर ते सहापैकी दोन मार्क नव्हेत. ती आवाजाची पट्टी आहे. पहिल्या पायरीचा आवाज शांत खोलीत, कान देऊन ऐकला तरच कळतो. चौथीपासून छातीवर ठेवलेल्या तळहाताला थरथर जाणवते. सहावीचा आवाज स्टेथोस्कोप छातीपासून किंचित उचलला तरी ऐकू येतो. पण आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, हा हिशोब इथे चालत नाही, आणि हे आम्हाला सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र असलेल्या बाळाचा आवाज दणदणीत असतो, आणि अशी बरीच बारीक छिद्रं पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. छिद्र मोठं असेल तर आवाज उलट मऊ असू शकतो. तसंच वयामुळे कॅल्शियम साठून महाधमनीची झडप अगदी आवळली आणि हृदयही थकलं, की जोर कमी पडतो आणि आवाज बसतो. ‘पूर्वी आवाज मोठा होता, आता कमी झालाय’ असं कुणी खुशीत सांगितलं की आमची खुशी जरा जाते.

आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याची वेळ महत्त्वाची. ‘लब’ आणि ‘डब’ यांच्या मधे येतो तो सिस्टॉलिक मर्मर. हा निरुपद्रवी असू शकतो. ‘डब’ नंतर, पुढच्या ‘लब’ आधी येतो तो डायस्टॉलिक. तो कितीही हलका असला तरी इको टाळू नका. आवाज कुठे पसरतो तेही डॉक्टर बघतात. मानेकडे चढणारा आवाज महाधमनीच्या अरुंद झडपेकडे बोट दाखवतो, डाव्या काखेकडे जाणारा मायट्रल, म्हणजे डावीकडच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या गळतीकडे. म्हणून तर ते स्टेथोस्कोप काखेत नेतात. काही जणांना वाटतं डॉक्टरांचा हात चुकला.

आपल्याकडे मायट्रल झडप खराब होण्याचं एक जुनं कारण अजून गेलेलं नाही. मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूमुळे, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसमुळे, दुखतो आणि बरा होतो. दोन-चार आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात, आज गुडघा तर परवा घोटा. हा संधिवाताचा ताप, बहुतेक वेळा 5 ते 15 वर्षांच्या वयात येणारा. सांधे सुधारतात, झडप मात्र हळूहळू आखडत जाते. कित्येक बायकांना हे पहिल्यांदा कळतं ते गरोदरपणात. त्या काळात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, आणि तोवर पुरणारी अरुंद वाट पुरेनाशी होते. ‘पोटामुळे दम लागतोय’ असं घरच्यांनी ठरवून टाकू नये, ते यासाठी. हा ताप पुन्हा उलटू नये म्हणून ज्यांना दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन लिहून दिलंय, त्यांनी ते दुखतं म्हणून सोडू नये. दुखतं हे खरंच आहे.

मर्मरखेरीज आणखीही आवाज असतात. लब-डबच्या जोडीला तिसरा ठोका आला की टांग्याच्या घोड्याच्या टापांसारखी लय होते. विशीतल्या खेळाडूत तो आढळला तर सहसा चिंता नसते. साठीतल्या माणसाचे पाय सुजताहेत, रात्री आडवं पडलं की गुदमरतंय आणि वर हा ठोका, तर हृदयाचा पंप कमजोर पडल्याची शंका घ्यावी लागते. वर्षानुवर्षं चढलेल्या ब्लड प्रेशरने भिंत ताठर झाली की ‘लब’ च्या आधी चौथा ठोका येतो. हृदयाच्या आवरणाला सूज आली तर नव्या कोल्हापुरी चपलेसारखी करकर ऐकू येते.

लहान मुलांच्या पालकांसाठी: शाळेतल्या किंवा अंगणवाडीतल्या तपासणीत मर्मर सापडला, मूल नीट वाढतंय, खेळतंय, तर बहुधा तो निर्दोष मर्मर असतो आणि मोठेपणी जातो. पण दूध पिताना बाळ घामाघूम होत असेल, वजन धरत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, तर थांबू नका.

धातूची झडप बसवलेल्यांची टिकटिक रात्री शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. ती ऐकू येणं चांगलं. ती अचानक दबली किंवा बंद झाली, तर झडपेवर गुठळी धरलेली असू शकते, त्याच दिवशी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना गाठा. आणि दात काढण्याआधी दंतवैद्यांना झडपेबद्दल सांगाच.

आता एक गैरसमज. ‘डॉक्टरांनी ऐकलं, आवाज नाही म्हणाले, म्हणजे ब्लॉकेज नाही.’ हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही. तसंच कार्डिओग्राम नॉर्मल आला म्हणून झडपाही नॉर्मल, असंही नाही. मनगटावरचं घड्याळ ठोके मोजतं, झडपा ऐकत नाही.

इकोला उपाशीपोटी यायची गरज नाही, नेहमीच्या गोळ्या घेऊन या. डाव्या कुशीवर झोपायचं, डावा हात डोक्याखाली. जेल गार लागते. महिलांसोबत महिला मदतनीस असते. वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. किरणोत्सर्ग नसतो, ही सोनोग्राफीच. गर्भलिंग निदान होत नसल्याचा फलक आमच्याही भिंतीवर आहे तो त्यामुळेच. मधेच मशिनमधून सर्र सर्र आवाज येईल, घाबरू नका. तुमच्या रक्ताचा वेग मशिन ऐकवतंय. पडद्यावर लाल-निळे रंग दिसतील, ते शुद्ध-अशुद्ध रक्ताचे नव्हेत. आमच्या हातातल्या यंत्राकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं, एवढाच अर्थ.

रिपोर्ट हातात पडल्यावर दोन गोष्टींनी दचकू नका. ‘ट्रिव्हियल’, म्हणजे नगण्य गळती धडधाकट माणसांतही सर्रास दिसते. आणि इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) 60 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास हुकलेला नाही. एक काका काउंटरवर म्हणाले होते, ‘साठच? आमच्या नातवाला चौऱ्याण्णव पडलेत.’ हृदय दर ठोक्याला आतलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. साधारण 55 ते 70 टक्के हे निरोगीच.

पर्वतीच्या 103 पायऱ्या गेल्या वर्षी एका दमात चढत होतात आणि आता निम्म्यावर टेकावं लागतंय, असं काही असेल तर ते आम्हाला आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. पण छातीत दुखतंय, बसल्या जागी दम लागलाय किंवा चक्कर येऊन पडलात, तर अपॉइंटमेंटसाठी फोन करू नका. 108 ला करा.

येताना जुने इको रिपोर्ट असलेली फाइल आणा, दहा वर्षांपूर्वीचे असले तरी. झडप तेव्हा किती उघडत होती आणि आज किती उघडते, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.