ऐकू येतं, पण कळत नाही: मशीन घेण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “कानाचं मशीन केवढ्याला?” त्यावर आमचा उलट प्रश्न असतो, कान नेमका कुठे अडलाय ते तपासलंय का? कारण काहींना मशीन लागतच नाही. मळ घट्ट बसलेला असतो, कान वाहत असतो, पडद्याला भोक असतं, नाहीतर सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साठलेलं असतं. कधी पडद्यामागच्या तीन बारीक हाडांतलं एखादं जखडतं. अशा वेळी आवाज आत पोचतच नाही. यातलं बरंचसं कान-नाक-घसा डॉक्टरांच्या औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतं. तिथे आम्ही मशीन विकलं तर ते चुकीचंच.

दुसरा प्रकार आतल्या कानाचा. गोगलगाईच्या शंखासारख्या त्या भागात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय, मधुमेह, घराण्यातला दोष, गालगुंड, मेंदूज्वर, जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनं, अशी कारणं बरीच आहेत. पण आपल्या इचलकरंजीत एक कारण रोज कानावर आदळतं: कापड विणणारे माग.

मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ डेसिबलच्या आसपास, कधी त्याहूनही वर असतो. ८५ डेसिबलमध्ये ८ तास काढता येतात, असं सर्वसाधारणपणे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला जेमतेम १ तास. आणि पाळी असते १२ तासांची! “सवय झालीय” असं कामगार म्हणतात. सवय मनाला होते, कानाला नाही.

हे नुकसान दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक स्वर जातात. तपासणीच्या कागदावर उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळी फुली असते. मागावर वर्षानुवर्षं काम केलेल्याच्या आलेखात ही दोन्ही चिन्हं तिथेच खड्ड्यात उतरल्यासारखी दिसतात. स, श, फ ही अक्षरं ऐकायला असेच वरचे स्वर लागतात. समोरचा “साठ” म्हणतो आणि यांना “आठ” ऐकू येतं. पुरुषाचा जाड आवाज कळतो, नातीचा कळत नाही. घरातले ओरडून बोलतात, मग हे चिडतात, “ओरडता कशाला, ऐकू येतंय की!” खोटं नाही ते. आवाज येतोच, शब्द उमगत नाही. अशा कानाला मशीनचा उपयोग होतो, पण ते आलेखाप्रमाणे बसवावं लागतं. कुणाचं तरी वापरलेलं मशीन चालणार नाही.

मागावर कानात कापूस घालून फारसा फरक पडत नाही. स्पंजचे इअरप्लग स्वस्त मिळतात. प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. गरम तेल नको, कान साफ करायचे कापसाचे बड्सही नकोत. बड्सने मळ आणखी आत जातो आणि पडद्याला भोक असेल तर तेलाने दुखणं वाढतं.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. रात्री बरा असलेला कान सकाळी अचानक बंद झाला, तर आमच्याकडे नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच चांगले लागू पडतात. बाळ आवाजाला दचकत नसेल, तर “मोठं झाल्यावर बोलेल” म्हणत थांबू नका. नवजात बाळाचीही तपासणी होते, झोपेतच, काही मिनिटांत.

तपासणीला पाळी संपवून थेट येऊ नका. गोंगाटातून आल्यावर कान काही तास बधिर असतो आणि आलेख खरा आहे त्यापेक्षा वाईट येतो. सुट्टीच्या दिवशी या, झोप काढून. जुने कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणा. घरातलं एक माणूसही आणा, कारण टीव्हीचा आवाज किती मोठा असतो ते त्यालाच विचारावं लागतं.