बेकायदा बडतर्फी (गोवा)

गैरवर्तनाचा ठपका ठेवून, पण तो रीतसर सिद्ध न करता किंवा चुकीच्या मानाने भलतीच कडक शिक्षा देऊन कामगाराला कामावरून काढणे म्हणजे बेकायदा बडतर्फी. चोरी, मारामारी, वरिष्ठांची आज्ञा मोडणे, रजेविना गैरहजेरी, रात्रपाळीत झोपणे हे आरोप वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींत नेहमी ऐकू येतात.

महाराष्ट्रातून गोव्यात कामाला आलेल्यांची एक गफलत हमखास होते. अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा गोव्याला लागू नाही, त्यामुळे त्याखाली थेट कामगार न्यायालयात तक्रार नेण्याची वाट इथे नाही. गोव्यात १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा चाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली.

खरी लढाई कोर्टात नव्हे, कंपनीच्या चौकशीत लागते. आधी आरोपपत्र, मग खुलासा, मग चौकशी अधिकाऱ्यासमोर साक्षी. कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेणे, आपले साक्षीदार आणणे, चौकशी अहवालाची प्रत मागणे हे कामगाराचे हक्क आहेत. आरोपपत्र बहुतेकदा इंग्रजीत येते. रागाच्या भरात ते नाकारणारे कामगार पुष्कळ, आणि तिथेच नुकसान होते: मग ते गेटवर लावले जाते, चौकशी एकतर्फी उरकते. कागद घ्यावा, सहीशेजारी तारीख घालून ‘मिळाले, आरोप मान्य नाहीत’ एवढे आपल्या हाताने लिहावे आणि मजकूर समजेल अशा भाषेत मागावा. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि चौकशी कामगाराच्या दोषामुळे लांबली नसेल तर पुढे ७५ टक्के, हा निर्वाह भत्ता भीक नव्हे, कायद्याने दिलेला आहे.

बडतर्फीनंतर पहिला अर्ज समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे. राज्याचे कामगार आयुक्तालय पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात आहे. बंदर, खाणी आणि बँका मात्र केंद्राच्या यंत्रणेखाली येतात. अर्जाला ४५ दिवस उलटूनही तोडगा निघाला नाही, तर युनियन पाठीशी नसली तरी कामगार स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणात (असे वाद निकाली काढणारी न्यायसंस्था) जाऊ शकतो. संहितेने तिथे जाण्याची मुदत बडतर्फीपासून दोन वर्षांवर आणली. जुन्या कायद्यात ती तीन होती. ज्याला वकील शोधायलाच महिने लागतात, त्याच्यावर हा अन्याय आहे.

चौकशी सदोष ठरली म्हणजे जिंकलो, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या फायरस्टोन निकालानुसार मालकाला न्यायाधिकरणासमोर नव्याने पुरावा देता येतो. आरोप सिद्ध झाला तरी शिक्षा कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. मात्र पूर्वीचे मेमो इथे नडतात: भारत फोर्ज प्रकरणात (२००५) ड्यूटीवर झोपलेल्या कामगाराची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली, कारण त्याच्या नावावर आधीची गैरवर्तने होती.

बडतर्फी रद्द झाली तर पूर्ववत काम, सेवासातत्य आणि थकीत पगार मिळू शकतो. कधी त्याऐवजी एकरकमी भरपाई. दीपाली सुरवसे निकालात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने थकीत पगार हाच सामान्य नियम मानला. मधल्या काळात दुसरीकडे कमाई नव्हती असे कामगाराने आधी सांगावे. ती होती हे सिद्ध करणे मग मालकाचे काम.

व्यवस्थापक, तसेच महिना १८,००० रुपयांवर पगार घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. खासगी नोकरीत त्यांना दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते, नोकरी सहसा परत मिळत नाही.