फुटबॉलमधला ‘गद्दार’ आला कुठून?

४ नोव्हेंबर २०२५. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर चॅम्पियन्स लीगचा सामना चालू होता, समोर रिअल माद्रिद. शेवटची दहाएक मिनिटं उरली असताना रिअलने ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डला बदली खेळाडू म्हणून उतरवलं आणि सगळ्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. पायाला चेंडू लागला की शिट्ट्या, चेंडू गेला की जल्लोष. हा पोरगा लिव्हरपूल शहराचाच. वयाच्या सहाव्या वर्षी क्लबच्या अकादमीत आला, वीस वर्षं राहिला, दोन लीग विजेतेपदं आणि २०१९ची चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. मैदानाजवळच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र होतं. सामन्याच्या आधीच कुणीतरी ते रंग फासून विद्रूप केलं.

त्याचा गुन्हा काय? २०२५च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपत होता. त्याने तो वाढवला नाही आणि माद्रिदला गेला. दुसऱ्या कुठल्याही नोकरीत हे रोजचं आहे. फुटबॉलमध्ये मात्र यासाठी एक शब्द ठरलेला आहे, इंग्लंडमध्ये ‘ज्युडस’, आपल्याकडे ‘गद्दार’. हा शब्द खेळाइतकाच जुना असेल असं आपण धरून चालतो. पण थोडं मागे जाऊन पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. खेळाडूच्या माथ्यावर ‘गद्दार’ हा शिक्का बसण्याआधी त्याच्या हातात निर्णय यावा लागला, आणि तो फार उशिरा आला.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी पद्धत होती की करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यात राहायची. क्लबने सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता येत नसे. पगारावर कमाल मर्यादा होती. १९६१ मध्ये ती उठली तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टमने या पद्धतीविरुद्ध दावा लावला आणि १९६३ मध्ये उच्च न्यायालयाने ती अन्यायकारक ठरवली. तरीसुद्धा पुढची तीस वर्षं ‘विकलं’, ‘घेतलं’, ‘ठेवलं’ ही सगळी क्रियापदं क्लबचीच राहिली. जो स्वतः जाऊच शकत नाही त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

डेनिस लॉची गोष्ट याच काळातली. अकरा वर्षं मँचेस्टर युनायटेड, २३७ गोल. १९७३च्या उन्हाळ्यात युनायटेडनेच त्याला मोकळं केलं आणि तो गावातल्या गावात, मँचेस्टर सिटीकडे गेला. २७ एप्रिल १९७४ला तो सिटीकडून युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर उतरला तेव्हा युनायटेड दुसऱ्या श्रेणीत घसरण्याच्या काठावर होतं. ८१व्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला. गोलकडे पाठ होती, टाचेनेच मारला, आणि तो आत गेला. लॉने हात वर केले नाहीत. सहकारी पाठ थोपटायला आले तर हा मान खाली घालून चालतोय. त्याला लगेच बाहेर काढलं, प्रेक्षक मैदानात घुसले, सामना तिथेच थांबला आणि १-० हाच निकाल कायम राहिला. युनायटेड त्या दिवशी घसरलंच. बाकीचे निकाल पाहता लॉच्या गोलने त्यात फरक पडला नसता, पण त्या क्षणी हे कुणाला ठाऊक होतं? आज ओल्ड ट्रॅफर्डच्या समोर युनायटेडच्याच जॉर्ज बेस्ट आणि बॉबी चार्ल्टनसोबत लॉचा पुतळा उभा आहे. ज्याला आपल्याच क्लबने दार दाखवलं, त्याला गद्दार म्हणायला मँचेस्टरकरांची जीभ वळली नाही.

फ्लोरेन्समध्ये १९९० साली जे झालं ते याहून तीव्र होतं. त्या वर्षीच्या युएफा कपच्या अंतिम फेरीत शहराचा क्लब फिओरेंटिना आणि तुरिनचा युव्हेंटस समोरासमोर आले. फ्लोरेन्सचा युव्हेंटसवर आधीच दात. घरचं मैदान बंद असल्याने फिओरेंटिनाला आपला परतीचा सामना शेकडो किलोमीटर दूर अव्हेलीनोला खेळावा लागला, आणि कपही युव्हेंटसने नेला. दोनच दिवसांत बातमी फुटली की फिओरेंटिनाच्या रोबेर्तो बाज्जोला त्याच युव्हेंटसला विकलं आहे. तो सौदा तेव्हा जगातला सर्वांत महागडा होता. शहर रस्त्यावर उतरलं. क्लबच्या कचेरीसमोर दगडफेक, लाठीमार, सुमारे ५० जण जखमी. विश्वचषकाच्या तयारीसाठी इटलीचा संघ फ्लोरेन्सच्याच वेशीवर कोव्हेरचानोला उतरला होता, तिथेही लोक जाऊन धडकले. पण नीट पाहिलं तर संताप मालक पोंतेल्लो कुटुंबावर होता. आपल्याला हा सौदा मान्य करावा लागला, असं बाज्जो सांगत राहिला, आणि लोकांनी बऱ्याच अंशी ते खरं मानलं.

६ एप्रिल १९९१ला तो युव्हेंटसच्या पांढऱ्या-काळ्या जर्सीत फ्लोरेन्सला आला. फिओरेंटिना १-० ने पुढे होती. युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. पेनल्टी मारायची ती बाज्जोनेच, त्याच्याइतका भरवशाचा दुसरा कोण होता? त्याने नकार दिला. फिओरेंटिनाचा गोलकीपर मारेज्जिनीला माझी सवय ठाऊक आहे, असं कारण त्याने दिलं. सहकारी दे अगोस्तिनीने मारली, मारेज्जिनीने अडवली. थोड्या वेळाने बाज्जोला बाहेर बोलावलं. तो कडेने चालत असताना गॅलरीतून कुणीतरी फिओरेंटिनाचा जांभळा मफलर त्याच्याकडे फेकला. त्याने वाकून तो उचलला. एवढंच. एका शहराने त्याला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या शहराच्या मनात कायमची शंका पेरली गेली. जुन्या क्लबचा मान राखताना नव्या क्लबच्या माणसांना काय वाटतं हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्यांचं दुखणं मला खोटं वाटत नाही.

मग आला १५ डिसेंबर १९९५. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन हा साधा खेळाडू. १९९० मध्ये त्याचा लिएज क्लबशी करार संपला, फ्रान्समधला एक क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण जुना क्लब सोडायला तयार नव्हता. पाच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात कुठेही जाऊ शकतो, जुन्या क्लबला दमडीही न देता. स्पेनमध्ये त्याही आधी, १९८५च्या सरकारी हुकुमाने, ठरलेली भरपाई भरून चालू करारातूनही बाहेर पडायची सोय झाली होती. न्यायाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी योग्यच. पण गॅलरीतल्या माणसासाठी एक गोष्ट कायमची बदलली. ‘त्याला विकलं’ हे वाक्य मागे पडलं आणि ‘तो गेला’ हे वाक्य आलं.

या दुसऱ्या वाक्याची पुरती किंमत लुईश फिगोने मोजली.

फिगो १९९५ मध्ये लिस्बनहून बार्सिलोनाला आला. दोन लीग जिंकल्या, कप्तानाची पट्टी दंडावर बांधली. बार्सिलोना हा नुसता क्लब नाही, ती कॅटलन माणसाची ओळख आहे, आणि माद्रिद म्हणजे सत्तेचं शहर. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथेही जर्सीचा रंग हा पेठेचा रंग असतो, आणि घरातलं पोरगं कुठल्या तालमीकडून खेळतं यावर घरं अबोला धरतात. फिगो पोर्तुगीज असूनही बार्सिलोनाने त्याला घरचा पोरगा मानलं होतं, आणि लागलं ते तिथेच.

२०००च्या जुलैत रिअल माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. फ्लोरेंतिनो पेरेझ या बांधकाम व्यावसायिकाने जाहीर केलं की मी निवडून आलो तर फिगो माद्रिदचा. आणला नाही तर सभासदांच्या वर्षभराच्या तिकिटांचे पैसे मी भरेन. फिगोच्या एजंटशी त्याची बोलणी आधीच झाली होती. फिगो मात्र मी बार्सिलोनातच राहणार असं वर्तमानपत्राला सांगत होता. पेरेझ जिंकला. करारातली ठरलेली भरपाई १,००० कोटी पेसेटा (स्पेनचं तेव्हाचं चलन) होती. ती भरली की बार्सिलोनाच्या हातात काहीच उरत नव्हतं. २४ जुलैला रिअलचा जुना महान खेळाडू आल्फ्रेदो दी स्तेफानोच्या हातून पांढरी जर्सी घेताना फिगोचा चेहरा पाहा. आनंदी माणूस असा दिसत नाही.

२१ ऑक्टोबर २०००ला तो बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर परतला. फिगोचा चेहरा छापलेल्या खोट्या नोटा गॅलरीतून उडत होत्या, ‘मर्सेनारी’ म्हणजे भाडोत्री असे फलक होते, आणि चेंडू त्याच्याजवळ गेला की शिट्ट्यांनी कान बधिर होत. बार्सिलोनाचा तरुण बचावपटू पुयोल सावलीसारखा त्याच्या मागे लावला होता. त्या रात्री फिगो कॉर्नर मारायला गेलाच नाही. बार्सिलोना २-० ने जिंकलं. पहिला गोल लुईस एन्रिकेचा. आणि लुईस एन्रिके कोण? पाच वर्षं रिअल माद्रिदकडून खेळून, करार संपल्यावर १९९६ मध्ये बार्सिलोनाला आलेला खेळाडू. तोच रस्ता, फक्त उलट दिशेने. कॅम्प नोऊने त्याला डोक्यावर घेतलं होतं. ही विसंगती त्या रात्री तिथे कुणाला बोचली नसणार, आणि बोचायचं कारणही नाही. प्रेमाला हिशेब कळत नाही, रागालाही कळत नाही.

दोन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २००२ला, तो कॉर्नर मारायला गेला. नाणी, लायटर, मोबाइल, बाटल्या असं सगळं त्याच्या अंगावर आलं. फिगो शांतपणे एकेक वस्तू बाजूला करत होता, हसत होता, चेंडू पुन्हा पुन्हा नीट ठेवत होता, आणि त्या शांतपणाने गॅलरी आणखी पेटत होती. व्हिस्कीची एक बाटली येऊन पडली. आणि मग ते, ज्याचा फोटो जगभर गेला: भाजलेल्या डुकराच्या पिल्लाचं मुंडकं, गवतावर, कॉर्नरच्या झेंड्यापाशी. पंच मेदिना कांतालेखोने दोन्ही संघांना आत नेलं. पंधराएक मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला आणि ०-० वर संपला.

सोल कॅम्पबेलचं प्रकरण फिगो माद्रिदला गेला त्याच्या पुढच्याच वर्षीचं, आणि ते सरळ बोसमन निकालातून आलेलं. लहानपणापासून टॉटनहॅमचा, पुढे कप्तान. जुलै २००१ मध्ये करार संपला. आर्सेनलने पत्रकारांना बोलावलं, सगळ्यांना वाटलं नवा गोलकीपर रिचर्ड राइट दाखवणार, आणि दारातून आला कॅम्पबेल. चार-पाच मैलांवरचा हाडवैरी क्लब, आणि टॉटनहॅमला मिळाले शून्य पौंड. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला तो टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर परतला तेव्हा ‘ज्युडस’ लिहिलेले पांढरे फुगे उडत होते. सामना १-१ सुटला. पुढे २००४ मध्ये आर्सेनलने लीग जिंकली ती त्याच मैदानावर, कॅम्पबेलसह.

इथपर्यंत मी टॉटनहॅमच्या माणसांच्या बाजूने बोलू शकतो. पुढचं समर्थन करण्यासारखं नाही. २००८ मध्ये, कॅम्पबेल पोर्ट्समथकडून खेळत असताना, टॉटनहॅमच्या काही प्रेक्षकांनी त्याच्याविरुद्ध अत्यंत घाणेरड्या घोषणा दिल्या. पोलिसांनी चित्रफिती तपासल्या, काहींना न्यायालयाने दोषी ठरवलं, मैदानबंदी घातली. हुर्यो हा गॅलरीचा हक्क आहे. एखाद्याच्या कातडीच्या रंगावर किंवा खाजगी आयुष्यावर घाला घालणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि क्लब सोडल्याच्या दुःखाआड ती लपवता येत नाही.

जुन्या मैदानावर गोल केल्यावर जल्लोष न करण्याचा रिवाजही याच वर्षांत पक्का झाला. लॉने तो न ठरवता पाळला होता. नोव्हेंबर २००० मध्ये बातिस्तुताने रोमा क्लबकडून फिओरेंटिनाला गोल मारला आणि रडला. नऊ वर्षं त्या क्लबसाठी, दुसऱ्या श्रेणीतही खेळलेला माणूस, त्याच्या अश्रूंवर कुणी शंका घेतली नाही. उलट टोक म्हणजे आर्सेनल सोडून गेलेला अदेबायोर. सप्टेंबर २००९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून त्याने आर्सेनलला गोल मारला आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आर्सेनलच्या प्रेक्षकांपुढे गुडघ्यांवर घसरत जाण्यासाठी, धावत सुटला.

आपल्याकडे ही भावना सर्वांत जुनी कोलकात्यात. ‘दलबदल’, म्हणजे क्लब बदलणं, हा तिथे मोसमच असायचा. खेळाडूंची सही होईपर्यंत क्लबची माणसं त्यांना लपवून ठेवत, म्हणजे दुसऱ्या बाजूने पळवू नये. मोहम्मद हबीब तर ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मेडन, तिन्ही क्लबकडून खेळले. तरी ते तिथे आदराचंच नाव राहिलं. इतकी ये-जा असली की गॅलरीही रागाची मुदत ठरवून घेते: मोसम संपेपर्यंत.

आणि आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट २०२०ची. एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीकडे आले, पाठोपाठ गोव्याचा कप्तान मंदार राव देसाई, मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि ह्युगो बुमूसही. मंदार तर गोव्याचाच, क्लबच्या पहिल्या मोसमापासूनचा. एरवी फातोर्ड्याच्या, म्हणजे गोव्याच्या घरच्या मैदानाच्या, गॅलरीने या चौघांचं जे स्वागत केलं असतं ते ऐकण्यासारखं झालं असतं. पण करोनामुळे सगळी लीग गोव्यात, बंद दाराआड खेळली गेली. २५ नोव्हेंबरला मुंबईने फातोर्ड्यावर ठरलेली वेळ संपल्यावर मिळालेल्या पेनल्टीवर गोव्याला १-० हरवलं. मार्चमध्ये उपांत्य फेरीचा पहिला सामना तिथेच २-२ सुटला आणि मुंबईचे दोन्ही गोल गोव्याच्या जुन्या माणसांनी केले, एक बुमूसने, एक फॉलने. निळ्या-नारिंगी खुर्च्या रिकाम्या होत्या. टीव्हीवर खेळाडूंच्या एकमेकांना मारलेल्या हाका तेवढ्या ऐकू येत होत्या.